चार हजार केल्विनचे दोन दिवे

आमचे येवल्यात पैठणीचे छोटे दुकान आहे. मागच्या लग्नसराईत एक बाई पंधरा दिवसांपूर्वी नेलेली साडी पिशवीत घालून परत घेऊन आल्या. त्यांनी आमच्याकडून वांगी रंगाची पैठणी घेतली होती. ताणा म्हणजे उभे धागे लाल आणि बाणा म्हणजे आडवे धागे निळे असल्यामुळे ती हलवली की कधी जांभळी, कधी तांबूस दिसते. या धूपछाव रंगासाठीच त्यांनी ती पसंत केली होती. "काका, दुकानात पाहिली ती हीच का? घरी सगळ्यांना ही तपकिरी दिसते," असे त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या. वडिलांनी साडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आमचीच विणाई होती, काठावरची मुनिया, म्हणजे पोपटांची नक्षीसुद्धा तीच होती. गादीवर अंथरली तेव्हा ती पुन्हा स्वच्छ वांगी दिसू लागली आणि त्या बाई स्वतःच अवघडून गेल्या. त्यांच्या घरी दिवाणखान्यात पिवळे दिवे होते आणि आमच्या गादीवर पांढरे. भांडण दोन साड्यांचे नव्हते, दोन उजेडांचे होते.

वडिलांनी साडी बदलून दिली. मला मात्र त्या दिवशी रात्री झोप लागली नाही, कारण दोन वर्षांपूर्वी जुन्या ट्यूब काढून एलईडीचे दिवे लावण्याचा आग्रह माझाच होता. त्या आधी वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला साडी उत्तरेकडच्या ओसरीत नेऊन दाखवत असत. दुकानात भरपूर उजेड आला तसा हा रिवाज मागे पडला. आपल्या दुकानातला उजेड नेमका कसा आहे, हे आता मोजूनच पाहायचे असे मी ठरवले.

सुरुवात खोक्यांपासून केली. दिव्यांच्या खोक्यांवर 'कूल डे लाइट' आणि त्याखाली ६५०० केल्विन असे छापलेले होते. केल्विन हे तापमानाचे एकक. बाजारात सहसा आणखी दोन जाती मिळतात : वॉर्म व्हाइट म्हणजे २७०० किंवा ३००० केल्विन आणि नॅचरल व्हाइट म्हणजे ४००० केल्विन. या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी मला लोहाराची भट्टी आठवली. लोखंड तापू लागले की आधी काळपट तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फारच तापले की पांढरे दिसू लागते. स्वतःचा रंग नसलेली, पडलेला सगळा उजेड शोषून घेणारी एक आदर्श वस्तू कल्पून ती किती तापवली असता आपल्या दिव्यासारखा रंग दिसेल, तेवढे तिचे तापमान म्हणजे दिव्याचे वर्णतापमान. अशा वस्तूच्या प्रकाशाचे गणित भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी १९०० साली मांडले. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, तारेचा जुना बल्ब २७०० ते २८५०, डोक्यावरचे ऊन साडेपाच हजारांच्या आसपास, आणि निरभ्र निळ्या आकाशाचा सावलीतला उजेड दहा हजारांच्याही पुढे जाऊ शकतो. यात एक गोष्ट सुरुवातीला सर्वांनाच उलटी वाटते. ज्या उजेडाला आपण उबदार म्हणतो त्याचा आकडा लहान असतो आणि ज्याला थंड म्हणतो त्याचा मोठा, कारण ऊब आणि थंडी हे आपल्या मनाचे शब्द आहेत आणि आकडा भट्टीचा आहे.

पहिली मोजणी मी फोनवरच्या एका अ‍ॅपने केली आणि ती पूर्णपणे फसली. फोन पांढऱ्या भिंतीकडे धरला की ५९०० दिसे, राणी रंगाच्या घड्यांकडे वळवला की ३२००, आणि त्याच दिव्याखाली पोपटी साडीवर आणखी तिसराच आकडा. फोनचा कॅमेरा समोरचा रंग पाहून उजेडाचा अंदाज बांधतो आणि पांढरे पांढरे दिसावे म्हणून आपणहून दुरुस्ती करतो, त्यामुळे रंगीत वस्तू समोर आली की तो वस्तूचा रंग दिव्यावर लादतो. म्हणजे समोर काहीतरी रंगहीन हवे. कोरा कागद घ्यावा असे कोणालाही वाटेल, पण बाजारातल्या शुभ्र कागदात चमक आणणारे रसायन असते, ते अतिनील किरण घेऊन निळसर उजेड बाहेर टाकते, म्हणून उन्हात त्याचे माप बिघडते. यावर सापडलेला उपाय नळदुरुस्तीच्या पिशवीतला होता. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप सर्व रंगांचा उजेड जवळपास सारखाच परत पाठवते. मी एका पुठ्ठ्यावर तिचे दहा-बारा थर गुंडाळले आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या सर्व मोजण्या त्या पुठ्ठ्यावर झाल्या.

चुलत भावाच्या कॅमेऱ्याने दुसरा टप्पा पार पाडला. कॅमेऱ्याची स्वयंचलित दुरुस्ती बंद करून, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात त्या पुठ्ठ्याचा फोटो घ्यायचा आणि संगणकावर त्या पांढऱ्या भागावर टिचकी मारून सॉफ्टवेअर कोणते तापमान सांगते ते पाहायचे, अशी ही रीत. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, तेव्हा कॅमेऱ्याचे शटर फार वेगवान ठेवले तर एकाच दिव्याचे दोन फोटो दोन रंगांचे येतात. शटर सेकंदाचा पंचविसावा भाग इतके मंद ठेवल्यावर आकडे स्थिरावले. गादीवरचे दिवे ६२०० ते ६४०० च्या दरम्यान आले. या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाच्या शेजारीच हिरवट-गुलाबी अशी दुसरी पट्टी असते. आमच्या दिव्यांखाली ती हिरव्याच्या दुरुस्तीसाठी गुलाबीकडे बरीच सरकत होती. तेव्हा मी तिकडे लक्ष दिले नाही, आणि पुढची चूक तिथेच झाली.

चूक अशी की मी मधला रस्ता काढला. घरोघरी पिवळे दिवे, दुकानात ६५००, तेव्हा ४००० चे दिवे लावले की दोन्हीकडे निभेल, असा विचार करून मी स्वस्तातले ४००० केल्विनचे आठ दिवे आणले आणि एका रविवारी बसवले. सोमवारी सकाळी वडील गादीवर बसले, दोन घड्या उलगडल्या आणि शांतपणे म्हणाले, "हे काढ. डाळिंबी मेली यात." त्यांनी वापरलेला शब्द अगदी बरोबर होता. डाळिंबी विटकरीकडे झुकली होती, वांगी मातकट झाली होती आणि जरीवर हिरवट छटा आली होती. कॅमेऱ्याने मोजले तर आकडा ४०५०. खोक्यावर छापलेले खरे होते, मोजलेले त्याच्याशी जुळत होते आणि तरीही साडी मेलेली दिसत होती.

मग मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून वर्णपट, म्हणजे उजेडातले सुटे रंग, पाहण्याचे साधन बनवले. एका टोकाला दोन ब्लेडच्या धारांमध्ये केसाएवढी फट, दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा तुकडा तिरका चिकटवलेला, आणि वरून पाहायला एक भोक. सीडीवरच्या वलयांमध्ये १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते, तेवढ्या बारीक रेघा उजेडाचे रंग वेगळे करायला पुरेशा होतात. माळ्यावर जपून ठेवलेला तारेचा जुना बल्ब लावून पाहिला तेव्हा जांभळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत सलग पट्टा दिसला, तांबडे टोक तर विझता विझत नव्हते. मागच्या खोलीतल्या जुन्या ट्यूबमध्ये सुट्या सुट्या रेघा दिसल्या, त्यातली पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेघ सर्वांत ठळक होती. नव्या एलईडीमध्ये निळा डाग झगझगीत, मग निळ्या-हिरव्याच्या मध्ये एक अंधारी खाच, मग हिरवे-पिवळे भरघोस, आणि तांबडे लवकरच संपलेले. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळ्या फॉस्फरचा लेप त्यातला काही निळा उजेड पिवळ्यात बदलतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरे दिसते. डोळ्याची अशी समजूत घालता येते, पण लाल ताण्याला परत पाठवायला तांबडा उजेडच मिळाला नाही तर तो काय परत पाठवणार? वडील 'मेली' म्हणाले त्याचे कारण मला त्या खोक्यात दिसले.

आता अंदाजावर भागणार नव्हते. चित्रीकरणाचे साहित्य भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणाहून हातात मावणारे स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वर्णपट मोजणारे यंत्र, मी दोन दिवसांसाठी आणले. मोजण्याआधीची तयारी मोजण्यापेक्षा जास्त वेळ खाते. दिवा लावल्या लावल्या माप घ्यायचे नाही, एलईडी तापून स्थिर होईपर्यंत निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. दिवसाचा उजेड मिसळू नये म्हणून शटर ओढून, फटींना गोणपाट लावून मी रात्री नऊनंतर काम सुरू केले. आधी सर्व दिवे बंद करून अंधाराचे माप घेतले, मग एकेक दिवा. अंगात पांढरा शर्ट होता तो काढून राखाडी सदरा घातला, कारण यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाचे कपडेसुद्धा त्या मापात उतरतात.

पहिलाच धडा कपड्यांच्या याच गोष्टीचा पुढचा भाग निघाला. यंत्र थेट दिव्याकडे रोखले तेव्हा कूल डे लाइट दिव्याचे ६४२० आले, आणि तेच यंत्र गादीवर, जिथे साडी अंथरतो तिथे, तोंड वर करून ठेवले तेव्हा ५७०० च आले. ही घट भिंतींनी आणि घड्यांनी केली होती. आमच्या भिंती फिकट केशरी आहेत आणि तिन्ही बाजूंच्या मांडण्यांवर तांबड्या, राणी, आमसुली साड्यांच्या रांगा. तिथून आपटून येणारा उजेड गादीवर येईपर्यंत पिवळा झालेला असतो. दिव्याचे माप एक आणि साडीला मिळणाऱ्या उजेडाचे माप दुसरे, आणि आम्हाला दुसऱ्याशी कर्तव्य होते. तेव्हापासून मी दोन्ही मापे शेजारीशेजारी लिहू लागलो.

तारेच्या बल्बचे वागणे वेगळेच होते. विजेचा दाब २२८ व्होल्ट असताना त्याने २७९० केल्विन दाखवले आणि संध्याकाळी दाब २०७ वर उतरला तेव्हा २६८०. तार कमी तापली, उजेड अधिक पिवळा झाला, हे भट्टीच्या हिशोबाशी तंतोतंत जुळते. एलईडीच्या आकड्यात मात्र दाबाने फरक पडला नाही.

इथे केल्विनच्या आकड्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे मी बराच वेळ गोंधळलो होतो. २७०० आणि ३००० यांतला ३०० चा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो, पण ६२०० आणि ६५०० यांतला ३०० चा फरक दोन दिवे शेजारी ठेवूनही ओळखणे कठीण जाते. म्हणून छायाचित्रणातले लोक दहा लाखाला केल्विनने भागून येणारा मायरेड नावाचा आकडा वापरतात. २७०० चे ३७० मायरेड होतात आणि ३००० चे ३३३, म्हणजे ३७ चा फरक; ६२०० आणि ६५०० मध्ये मात्र जेमतेम ७ चा. दिवे बनवणाऱ्यांच्या मानकांतही ६५०० च्या दिव्याला २७०० च्या दिव्यापेक्षा कितीतरी मोकळी सवलत दिलेली असते, ती याच कारणाने. माझ्या वहीत मी आता केल्विनशेजारी मायरेडचा रकाना आखला आहे.

त्या रात्रीचे मुख्य काम मात्र शेवटी ठेवले होते. मी बसवलेला ४००० चा स्वस्त दिवा आणि एका छायाचित्रकाराकडून उसना आणलेला त्याच आकड्याचा महाग दिवा, असे दोन दिवे एकाच होल्डरमध्ये एकामागून एक लावून मोजायचे होते. यंत्र केल्विन तर सांगतेच, शिवाय १९३१ सालच्या आंतरराष्ट्रीय रंगनकाशावरचे दिव्याचे स्थान क्ष आणि य या दोन आकड्यांत देते. मला यंत्रावर आंधळा विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून या दोन आकड्यांवरून केल्विन काढण्याचे मॅककॅमी यांचे १९९२ सालचे सूत्र मी वहीत मांडले. क्ष मधून ०.३३२० वजा करायचे, त्याला ०.१८५८ वजा य या संख्येने भागायचे, आलेल्या संख्येला न म्हणायचे. मग ४४९ गुणिले न चा घन, अधिक ३५२५ गुणिले न चा वर्ग, अधिक ६८२३.३ गुणिले न, अधिक ५५२०.३३. स्वस्त दिव्याचे क्ष ०.३८५० आणि य ०.३९५० होते, उत्तर आले ४०११. महाग दिव्याचे क्ष ०.३७९० आणि य ०.३७५५ होते, उत्तर आले ४०३९. दोघांत अवघ्या २८ केल्विनचा फरक, म्हणजे दोन मायरेडसुद्धा नाही.

पण नकाशावर ते दोन बिंदू एका जागी नव्हते. तापत जाणारी ती आदर्श वस्तू रंगनकाशावर एक वक्र रेषा काढते. महाग दिवा त्या रेषेवर जवळपास बसला होता आणि स्वस्त दिवा रेषेच्या वर, हिरव्याच्या बाजूला, ०.००७ इतक्या अंतरावर गेला होता. आकडा दिसायला क्षुल्लक आहे, पण या मापात तो मोठा आहे, डोळ्याला स्पष्ट हिरवट वाटण्याइतका. दिवा रेषेवर नसेल तर रेषेवरचा त्याच्या सर्वांत जवळचा बिंदू शोधून त्याचे तापमान दिव्याला चिकटवले जाते. एखादे शेत रस्त्यापासून किती आत आहे हे न सांगता केवळ मैलाचा दगड सांगावा, तसे हे आहे. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमधली ती गुलाबी-हिरवी पट्टी मला हेच आत जाण्याचे अंतर सांगत होती.

तिसरे माप रंगदर्शनाचे, सीआरआय नावाने ओळखले जाणारे. ठरावीक रंगांचे नमुने या दिव्याखाली आणि त्याच तापमानाच्या आदर्श उजेडाखाली किती सारखे दिसतील ते शंभरापैकी सांगतात. स्वस्त दिव्याला ८१ मिळाले, महाग दिव्याला ९६. एक्याऐंशी ऐकायला वाईट नाही, पण ही सरासरी पहिल्या आठ नमुन्यांची असते आणि ते आठही रंग सौम्य आहेत. नववा नमुना गडद लाल आहे, तो सरासरीत धरतच नाहीत. यंत्रावर तो वेगळा पाहिला तेव्हा महाग दिव्याला ८९ आणि स्वस्त दिव्याला फक्त ४ गुण होते. पैठणीच्या दुकानात, जिथे अर्धी मांडणी लाल, राणी आणि डाळिंबी रंगांची असते, तिथे तो नववा नमुनाच आधी पाहायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. याच मापाची एक मर्यादाही सांगतो : तारेच्या बल्बला जवळपास पुरते शंभर गुण मिळतात, कारण २७९० च्या दिव्याची तुलना २७९० च्याच आदर्श उजेडाशी होते. म्हणून शंभर गुणांच्या दिव्याखाली साडी दिवसाच्या उजेडासारखी दिसेल, असा अर्थ काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरी मोजली. अकरा वाजता निरभ्र आकाशाखाली तिथे ६३०० केल्विन आले. समोरच्या पिवळ्या भिंतीवरून परतणारे ऊन मिसळत नसते तर आकडा आणखी चढला असता. दुपारी अंगणात थेट उन्हात ५४०० आले. आकड्यांत पाहिले तर ओसरी आणि आमचे जुने ६५०० चे दिवे एकमेकांच्या अगदी जवळ होते. वर्णपट मात्र ओसरीचा सलग होता, तांबड्याच्या टोकापर्यंत भरलेला, आणि दिव्यांचा निळ्याचा सुळका उभारून तांबड्यात खचलेला. त्या बाईंची पैठणी आमच्या गादीवर जास्तच जांभळी दिसली होती, कारण बाण्याच्या निळ्याला भरपूर खाऊ मिळत होता आणि ताण्याचा लाल उपाशी होता. त्यांच्या घरी पिवळ्या दिव्यांत ते उलट झाले. एका रंगाच्या साडीपेक्षा धूपछावीच्या साडीत हा फरक जास्त उठून दिसतो, कारण तिथे तराजूच्या दोन पारड्यांत दोन रंग असतात.

त्यानंतर महिन्याभरात गादीवरचे दिवे बदलले. आता वर ४००० केल्विनचे, नववा नमुना ८५ च्या वर असलेले दिवे आहेत, आणि शेजारी एका वेगळ्या बटणावर २७०० चे दोन दिवे, मंगल कार्यालयात आणि घरात साडी कशी दिसेल ते दाखवण्यासाठी. भिंतींना पांढरा रंग दिला. आणि वडिलांचा ओसरीचा रिवाज पुन्हा सुरू केला. साडी पसंत पडली की तिन्ही उजेडांत दाखवल्याशिवाय आम्ही घडी बांधत नाही.

यंत्र परत करण्याआधी त्या दिवशी दुपारी मी ते आमच्या रंगाऱ्याकडेही नेले होते. रेशमाच्या लडी नमुन्याशी जुळवण्याचे त्याचे काम बहुतेक संध्याकाळी चालते, रंगाच्या पातेल्यावर लोंबणाऱ्या एका उघड्या दिव्याखाली. त्या दिव्याचे ६७०० केल्विन, हिरव्याकडे ०.००९, आणि लाल नमुन्याचे गुण शून्याच्याही खाली आले. दोन लडी त्याने माझ्यासमोर जुळवल्या होत्या आणि त्या दिव्याखाली मलाही त्या एकच वाटल्या. दारात आणल्यावर एक डाळिंबी राहिली आणि दुसरी चिंचेच्या चोथ्यासारखी झाली. दोन वेगळ्या रंगमिश्रणांच्या लडी एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसतात ते असे. रंगारी बराच वेळ दोन्ही हातांत त्या दोन लडी धरून उंबरठ्यावर आत-बाहेर करत राहिला. "म्हणजे मागच्या पावसाळ्यातली ती परत आलेली खेप माझ्या हातानं नव्हती बिघडली?" असे त्याने विचारले. मी त्याच्या दिव्याखालचे माप पुन्हा एकदा घेतले, वहीत लिहिले आणि दुकानासाठी मागवणार असलेल्या दिव्यांत त्याच्यासाठी एक वाढवला.